टोचन न लावता श्रीवर्धन

भाईंदरहून श्रीवर्धनला जाण्याचे बरेच सोपे मार्ग आहेत. आम्ही त्यातला एकही निवडला नाही.

आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुनंदा आणि आमची गाडी. गाडीला मी माणसांत धरतो, कारण या प्रवासात सगळ्यात जास्त पाणी तीच प्यायली. गोल दिव्यांची, पुढे नाक आलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला असणारी ही गाडी. बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. काशीमीऱ्याच्या एका गॅरेजच्या मागे ती गवतात उभी होती आणि मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं नांदत होती. आम्ही गेलो होतो स्कूटरचं पंक्चर काढायला. सुनंदा तिच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आपल्या वरातीला हीच ठरली होती ना?"

हीच म्हणजे अशीच. आमच्या वरातीसाठी सांगितलेली गाडी ऐन वेळी आली नाही आणि नवरा-नवरी मंडपवाल्याच्या टेम्पोत, रचलेल्या खुर्च्यांच्या मधे उकिडवे बसून घरी गेले. ती गाडी ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. संसाराला इतकी वर्षं झाली तरी टेम्पो हा शब्द आमच्या घरात जपून वापरावा लागतो. त्यामुळे त्या दिवशी मी नाही म्हणू शकलो नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही दोघांनी ती गाडी उभी केली. सुनंदा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, म्हणून वायरिंग तिच्याकडे. मी रंगाच्या कंपनीत हिशेब लिहायचो, त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं असा माझा समज. सुनंदा डॅशबोर्डच्या खाली आडवी पडून सांगायची आणि मी वरून वायर जोडायचो. ती म्हणाली, "चॉकलेटी हॉर्नला." मी चॉकलेटी शोधू लागलो. तिथे एक तपकिरी होती आणि एक गडद तांबडी. तपकिरीला आमच्या कंपनीत तपकिरीच म्हणत, चॉकलेटी नावाचा रंग मी कधी लिहिलाच नाही. म्हणून मी गडद तांबडी जोडली. तेव्हापासून हॉर्न दाबला की हॉर्न वाजतोच, शिवाय वायपरही एकदा डावीकडून उजवीकडे जाऊन येतो. लहान मुलांना वाटतं आम्ही टाटा करतोय. चूक कोणाची यावर अजून निकाल लागलेला नाही.

दुसरं भांडण हुकाचं. गाडीला ओढायचा पुढचा हूक गंजून कधीच पडला होता. मागचा शिल्लक होता, तो कापून टाकावा असं माझं मत. "आपण कोणाला ओढणार आहोत?" मी विचारलं. सुनंदाने ऐकलं नाही. तो घासूनपुसून, वर चमक चढवून तिने तसाच ठेवला.

खरं सांगायचं तर मी रिटायर झाल्यावर आमच्यात बोलण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. दूध आलं का, बिल भरलं का, गोळी घेतली का. एवढ्यावर दिवस संपायचा. गाडी आली आणि आम्ही जेवतानाही भांडायला लागलो. शेजाऱ्यांना काळजी वाटायची, आम्ही मजेत होतो.

आता या सगळ्यात आमचा मुलगा निखिल. त्याने नवी गाडी बुक केली. सोसायटीत एका फ्लॅटला पार्किंगची एकच जागा, आणि तिथे आमची गाडी. "बाबा, तुम्ही दोघं रविवारी तिला काशीमीऱ्यापर्यंत नेता आणि परत आणता," तो म्हणाला. "याला गाडी चालवणं नाही म्हणत. कुत्र्याला फिरवणं म्हणतात." बोलता बोलता वाद चढला आणि शेवटी त्याने अट घातली. श्रीवर्धनला मावशीकडे जायचं आणि परत यायचं. टोचन न लागता आलात तर जागा तुमची. टोचन लागलं तर गाडी भंगारात.

टोचन म्हणजे बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढत नेणं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर दिवसातून चार वेळा दिसणारं दृश्य. "मंजूर," मी म्हणालो. सुनंदा म्हणाली, "मलाही मंजूर. फक्त वाटेत तुम्ही टोचून बोलायचं नाही." ही दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड होती.

सुकेळीची खिंड

पहाटे निघालो. घोडबंदरचा घाट गार हवेत गाडीने असा चढला की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली. पेणपर्यंत सुनंदा गाणी म्हणत होती. वडखळला थांबून वडे खाल्ले. चहावाल्याने गाडीला हात लावून विचारलं, "शूटिंग आहे का?" सुनंदाने "हो" सांगून टाकलं आणि चहात आल्याचा जादा तुकडा पडला.

नागोठण्यानंतर ऊन वर आलं. सुकेळीच्या खिंडीत निम्म्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प झालं. या गाडीचा हा जुना आजार आहे. इंजिन फार तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पुढे काही जातच नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघायची. मी डिकी उघडली, जॅक काढला, स्टेपनी काढली, छत्रीसुद्धा निघाली. फडकं नव्हतं.

"फडक्याचं काम कोणाकडे होतं?" मी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"टोचून बोलायचं नाही ठरलंय," सुनंदा म्हणाली. मग तिने स्वतःची ओढणी काढली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली आणि पंपाला गुंडाळली. लेकीसारखी जपलेली भागलपुरी ओढणी होती ती.

एवढ्यात एक ट्रक मागे येऊन थांबला. सरदारजी खाली उतरले, हातात वेटोळं घातलेला जाडजूड दोर. "अंकलजी, टोचन मार दूँ? कोलाड तक छोड़ दूँगा."

"नहीं, नहीं," मी म्हणालो आणि आम्ही दोघेही मागे सरलो.

"पैसा नहीं लूँगा."

"पैसे का सवाल नहीं है," मी म्हणालो. "बेटे ने मना किया है."

सरदारजींनी आमच्याकडे, गाडीकडे, पंपावरच्या ओढणीकडे बघितलं. मुलगा काय करतो, असं त्यांनी हळूच विचारलं. तो चांगला आहे, नोकरी करतो, असं सुनंदाने सांगितलं. जाताना त्यांनी आम्हाला पाण्याचा कॅन दिला आणि मुलाला सुबुद्धी मिळो असा आशीर्वादही दिला. आम्ही रस्त्याच्या कडेला करंजाच्या सावलीत बसून थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. सुनंदाने दर थोड्या वेळाने ओढणी पुन्हा भिजवली. तासाभराने किल्ली फिरवली आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली.

तेव्हा एक नियम ठरला. ती एकदा सुरू झाली की मुक्काम येईपर्यंत बंद करायची नाही. कोलाड, माणगाव, म्हसळा हा सगळा रस्ता आम्ही त्याच नियमाने काढला. माणगावात सुनंदा कलिंगड घ्यायला उतरली तेव्हा मी गाडी सुरू ठेवून बाजाराला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ती चालत्या गाडीत कलिंगडासकट चढली. मला तिचं फार कौतुक वाटलं, पण ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

श्रीवर्धन

सुनंदाची बहीण, म्हणजे अक्का, आणि त्यांचे यजमान समुद्रापासून चार पावलांवर राहतात. मागे सुपारीची बाग. आत शिरलं की ऊन बाहेरच राहतं. अक्कांनी पायावर पाणी घालायच्या आधी गाडीला कुंकू लावलं. साडूभाऊंनी तिच्याभोवती फिरून तपासणी केली आणि मागच्या हुकापाशी थांबले. "हा इतका चकचकीत कशाला?" त्यांनी विचारलं. मी सुनंदाकडे बघितलं.

जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि सोलकढी. मी उसळ तीनदा मागून घेतली. दुपारी साडूभाऊ म्हणाले, "आता सगळं गाव झोपणार." मला ती म्हणण्याची पद्धत वाटली. दाढीचं ब्लेड आणायला बाहेर पडलो तर खरोखर अख्खी पेठ फळ्या लावून झोपली होती, एका दुकानदाराने तर पाय बाहेर काढले होते. आमच्या भाईंदरला दुपारी दोन वाजता पूर्वेच्या गल्लीत तुम्ही रस्ता ओलांडून दाखवा.

संध्याकाळी बाजारात गेलो. टोपली घेऊन बसलेल्या बाईला सुनंदाने सवयीने विचारलं, "काजू कैसे दिया?" भाजीवाला, किराणावाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळ्यांशी आम्ही हिंदीत बोलतो, तोंडाला वळणच पडलंय. बाईने वर बघितलं. "बाय, मी तुझ्या बहिणीच्या शेजारीच राहते. दुपारी तुझी गाडी आली तेव्हा मीच गेट उघडलं." सुनंदा इतकी ओशाळली की तिने भाव न करता सगळी टोपली घेतली. आमच्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतं ते आम्हाला त्यांच्या पार्सलवरच्या नावामुळे कळलं होतं, आणि इथे गेट उघडणारीलाही आमचं नातं ठाऊक.

मग बांधावर बसलो. भरती होती.

"अहो, गाडी गेली तर आपण कशावर भांडायचं?" सुनंदाने विचारलं.

मी तिला हसवणार होतो, पण जमलं नाही. मलाही खिंडीत, करंजाखाली, हेच वाटलं होतं. भीती गाडी जाण्याची नव्हती. पुन्हा दूध, बिल आणि गोळी एवढंच उरेल याची होती. "जाणार नाही," मी म्हणालो. ते म्हणताना माझी खात्री नव्हती आणि तिला ते कळलं. ती माझ्या जवळ सरकून बसली.

परतीचा रस्ता

निघताना अक्कांनी नारळाचं एक पोतं आणि रोठा सुपारी टपावर चढवली. साडूभाऊंनी काथ्याच्या दोराने सगळं करकचून बांधलं. दोर एवढा लांब होता की उरलेला त्यांनी पोत्याभोवती गुंडाळून ठेवला. मला गाडीवर दोर नकोच होता, अपशकुन वाटत होता. पण सासुरवाडीचा दोर नाकारता येत नाही.

उन्हाच्या आधी खिंड पार केली. ओढणी आता कायमची पंपावर होती. वाहतुकीच्या कोंडीतून रखडत दुपार टळता टळता घोडबंदर, मग काशीमीरा. आता घर पंधरा-वीस मिनिटांवर. सुनंदाने निखिलला फोन करून भात टाकायला सांगितलं. मी विजयी मुद्रेने नाका ओलांडत होतो, तेवढ्यात समोर हात आडवे केलेला एक माणूस दिसला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला भलं मोठं कुंकू. त्याच्या मागे फुलांनी मढवलेली कोरी करकरीत गाडी, आणि आत नवरदेव.

"काका, थांबा ना जरा. मी नवऱ्याचा मामा. गारी बंद परलीय, वऱ्हाड पुढं गेलाय. पुलापलीकरं मुर्ध्याला मांडव हाय, गोरज मुहूर्त हाय."

"नवरदेवाला आमच्या गाडीत बसवा," सुनंदा म्हणाली. "थेट मांडवात सोडतो."

"न्हाय जमणार, वहिनी. आमच्यात नवरा एकदा गारीत बसला का मांडवातच उतरतो."

ही रीत खरी होती की मामांनी तिथेच उभ्या उभ्या बनवली, देव जाणे. पण नवरदेवाने मान हलवून दुजोरा दिला. हवालदार शिट्टी मारत येत होता. मामांनी आमच्या गाडीच्या मागे जाऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हूक तर एक नंबर हाय. दोर पन हाय वरती."

मी सुनंदाकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. ती मात्र दार उघडून शांतपणे उतरली, टपावरचा दोर सोडवला, नारळाचं पोतं आणि सुपारी मामांकरवी मागच्या सीटवर ठेवून घेतली आणि ओढणी पुन्हा एकदा भिजवून पंपाला गुंडाळली. गाडीत बसताना फक्त एवढंच म्हणाली, "कोणाला ओढणार आहोत, विचारलं होतंत ना?"

मामा नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले, नवरदेव मागे. आमच्या गाडीने खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि दोर ताठ झाला. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याने मागे टाकावं अशा वेगाने आम्ही निघालो. "हॉर्न वाजवा, काका," मामा मागून ओरडले, "वरात हाय." मी हॉर्न दाबला. वायपर हलला. फुटपाथवरच्या बायका हात हलवू लागल्या. मग मी दाबतच राहिलो आणि गाडी सगळ्या भाईंदरला टाटा करत चालली. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर मात्र इंजिन असं कण्हायला लागलं की हॉर्नवरचा माझा हात थांबला. सुनंदाने डॅशबोर्डवर हात ठेवला आणि आजारी माणसाला थोपटावं तसं थोपटत राहिली. चढ संपला. उतारावर, पदर असता तर सावरला असता, अशी ती ताठ बसली. "निघाली एकदाची आपली वरात," ती म्हणाली. टेम्पोचं नाव तिने काढलं नाही.

पुलाखाली आमच्या सोसायटीतले शहाभाई भाजी घेऊन उभे होते. त्यांनी फोटो काढला. बाजूने काढलेल्या फोटोत दोन गाड्या दिसतात आणि मधे दोर. कोण कोणाला ओढतंय ते दिसत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "अंकल की गाडी को टोचन लग गया."

आम्ही मुर्ध्याच्या मांडवात पोचतोय तोच निखिलचा फोन आला. सुनंदाने स्पीकरवर टाकला.

"आई, टोचन लागलं?"

"लागलं."

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्याचा आवाज मात्र पडला होता. "बरं," तो म्हणाला. "जाऊ दे. मी येतो."

"ये. जेवायलाच ये. आणि दोराच्या कुठल्या टोकाला आपली गाडी आहे तेही बघून जा."

तो आला तेव्हा दोर अजून तसाच होता. निखिल आमच्या हुकापाशी खाली बसला आणि बराच वेळ हसत राहिला. मांडवात आम्हाला नवऱ्याकडच्या पाहुण्यांत बसवलं. मामांनी दर वाढपाच्या वेळी आमच्याकडे बोट दाखवून "गारीवाले" असं ओरडून सांगितलं, त्यामुळे ताटात काही रिकामं राहिलं नाही.

घरी निघालो आणि गाडी सुरू होईना. वाटभर हॉर्न आणि वायपर चालवून बॅटरी बसली होती. मामा लगेच दोर घेऊन आले. "काका, आता आमचा नंबर. घरापर्यंत सोरतो."

अट घरापर्यंतची होती. सुनंदाने माझा हात धरला. आम्ही दोघेही निखिलकडे बघत होतो.

त्याने मामांच्या हातातला दोर बघितला. मग गाडीच्या पुढे जाऊन वाकून बघितलं. "पुढे हूकच नाही," तो म्हणाला. "बांधणार कुठे?" बांधायला हजार जागा असतात हे त्यालाही माहीत होतं. त्याने बाह्या वर केल्या आणि मागे गेला. "बाबा, सेकंड गिअर टाका. धक्का अटीत नव्हता."

त्याने आणि मामांनी धक्का दिला. गाडी आचका देऊन सुरू झाली, आणि आमचा नियम तुम्हाला माहीत आहे. सुरू झाली की थांबवायची नाही. आरशात निखिल धावत येताना दिसला, मग चालताना, मग कमरेवर हात ठेवून उभा. सुनंदा खिडकीतून ओरडली, "रिक्षाने ये."

तो आला तेव्हा गाडी आपल्या जागेवर उभी होती. तो तिच्या नाकावर टेकून बसला. "माझ्या गाडीसाठी बाहेर डेअरीसमोर जागा बघितली आहे," तो म्हणाला.

"कधी बघितलीस?"

"तुम्ही निघालात त्याच दिवशी."

सुनंदाने डोळे पुसायला ओढणी शोधली. ती पंपावर होती.

निखिलने विषय बदलायला खिडकीतून आत हात घालून हॉर्न दाबला. बसक्या बॅटरीवर हॉर्न पुटपुटला आणि वायपर अर्ध्यात जाऊन थांबला. "हे असं का होतं?"

"तपकिरी वायर," मी म्हणालो.

"चॉकलेटी," सुनंदा म्हणाली.

"कुठलीही असू दे. रविवारी मी नीट करून देतो."

"नको," आम्ही म्हणालो. या गाडीच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच वेळी एकच शब्द बोललो, तो हा पहिलाच.